एका शहराच्या उशाला गोदावरी, दुसऱ्याला रेल्वेने पाणी : नांदेड आणि लातूरचा भूगोल, हवामान आणि इतिहास

12 एप्रिल 2016. भल्या पहाटे लातूर स्टेशनात एक मालगाडी येऊन थांबली. तिच्यात ना कोळसा होता, ना सिमेंट. दहा वॅगनमध्ये मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. मिरजेजवळ कृष्णा नदीतून उचललेलं हे पाणी साधारण साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून आलं होतं. या गाडीला नाव मिळालं 'जलदूत'.

या लातूरपासून नांदेड जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. नांदेडच्या काठाने गोदावरी वाहते. पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या वस्त्यांना सावध राहण्याचा इशारा दिला जातो.

दोन्ही शहरं मराठवाड्यातली, दोन्हीकडे काळी माती, दोन्हींवर निजामाचं राज्य होतं. तरी एकीकडे पाणी रेल्वेने आणावं लागतं आणि दुसरीकडे पुराची धास्ती असते, असं का? उत्तर शोधायचं तर आधी नकाशा बघावा लागतो, मग आभाळ आणि त्यानंतर इतिहास.

नकाशावर ही शहरं नेमकी कुठे?

मराठवाड्यात आठ जिल्हे आहेत. त्यात नांदेड पूर्वेच्या टोकाला आहे आणि लातूर दक्षिणेला. नांदेड जिल्ह्याची हद्द तेलंगणा, कर्नाटक आणि विदर्भातल्या यवतमाळला भिडते. लातूरच्या पूर्वेला कर्नाटकातला बिदर जिल्हा लागतो. नांदेडहून मुंबईला जायचं तर साडेपाचशे किलोमीटरहून जास्त प्रवास होतो. हैदराबाद मात्र त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या बाजारात मराठीसोबत तेलुगू सहज कानावर पडते, ती यामुळेच.

नांदेड शहर गोदावरीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण 360 मीटर उंचीवर आहे. जुनं शहर नदीच्या उत्तर काठावर वसलं. पुढे सिडको आणि हडकोच्या वसाहती दक्षिण काठावर उभ्या राहिल्या. शहराच्या उत्तर बाजूने आसना नदी वाहत येते आणि जवळच गोदावरीला मिळते. म्हणजे जुनं नांदेड दोन नद्यांच्या मध्ये आहे.

लातूर त्याच्यापेक्षा बरंच उंचावर, बालाघाटच्या पठारावर आहे. या शहराला स्वतःची मोठी नदी नाही. मांजरा नदी जाते ती शहराच्या उत्तरेकडून, काही किलोमीटर अंतरावरून. पठारावर पडलेलं पाणी थांबत नाही, उताराला लागतं. दोन शहरांच्या नशिबातला पहिला फरक इथेच पडतो.

लोकसंख्येच्या हिशोबात दोन्ही शहरं मध्यम आकाराची आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार नांदेड-वाघाळा महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाख होती आणि लातूरची 3 लाख 80 हजारांच्या पुढे. नांदेडला महापालिका झाली 1997 मध्ये. लातूरला त्यासाठी 2011 पर्यंत थांबावं लागलं.

पायाखालचा दगड

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्यातून बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण तयार झाला. लातूर आणि नांदेड जिल्ह्याचा बहुतेक भाग या दगडावर उभा आहे. तो झिजून काळी कसदार माती झाली. ही माती ओल धरून ठेवते, त्यामुळे कापूस, तूर, ज्वारी आणि आता सोयाबीन इथे चांगलं येतं. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तीच माती चिखल होऊन पाय धरते.

माती ओल धरते, पण तिच्याखालचा दगड पाणी फारसं साठवत नाही. बेसाल्टमध्ये पाणी मावतं ते फक्त भेगांमध्ये आणि वरच्या मुरमाड थरात. तेवढं उपसलं की विहीर कोरडी. मग बोअर घ्यायचा, तो आटला की त्याहून खोल घ्यायचा. लातूर भागात बोअर शेकडो फूट खाली गेले, त्यामागचं एक कारण हा दगड आहे. वरून पाऊस कमी झाला तर खालून भरपाई होत नाही.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात मात्र दगड बदलतो. देगलूर, बिलोलीच्या बाजूला बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट लागतो. दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची हद्द इथून जाते.

समुद्र दूर, पण पाऊस त्याच्याच हातात

मराठवाड्याला समुद्र नाही. पण इथल्या शेतकऱ्याचं वर्ष कसं जाणार, हे दोन समुद्र ठरवतात.

नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्रीला धडकतात आणि बरंचसं पाणी कोकणात व घाटमाथ्यावर टाकून मोकळे होतात. डोंगराच्या पलीकडे पोचतात ते हलके ढग. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. नगर, बीड, धाराशिव आणि लातूरचा पश्चिम भाग या छायेत येतो.

पूर्वेकडे सरकलं की चित्र बदलतं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि देशाच्या आतल्या भागाकडे सरकतात. त्यांचा फायदा विदर्भाला जास्त होतो. विदर्भाला लागून असलेल्या नांदेडलाही त्यातला वाटा मिळतो. म्हणून मराठवाड्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस वाढत जातो. नांदेड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, लातूरमध्ये साधारण 700 ते 800.

आकडे बघितले तर लातूरचा पाऊस अगदी वाळवंटी म्हणावा असा नाही. त्रास सरासरीचा नसून लहरीपणाचा आहे. जूनमध्ये पेरणीपुरता पाऊस येतो, मग तीन-तीन आठवडे उघडीप आणि सप्टेंबरमध्ये चार दिवसांत महिन्याचं पाणी. कागदावर सरासरी गाठली जाते, तोवर शेतातलं पीक हातचं गेलेलं असतं.

बाकी ऋतूही कडक. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर सहज जातो, कधी 43-44 पर्यंत. हिवाळा कोरडा आणि आल्हाददायक असतो. फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ही वेगळीच धास्ती. 2014 च्या गारपिटीने मराठवाड्यात उभा रब्बी आणि फळबागा झोडपून काढल्या होत्या.

नांदेड : ताम्रपटातलं 'नंदीकट' ते हजूर साहिब

नांदेड किती जुनं? वाशिमला सापडलेल्या वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटात 'नंदीकट' या ठिकाणाचा उल्लेख आहे. अभ्यासक ते आजचं नांदेड मानतात. म्हणजे दीड हजार वर्षांहून जुनी नोंद हाताशी आहे.

नांदेडच्या दक्षिणेला असलेलं कंधार राष्ट्रकूटांच्या काळात भरभराटीला आलं. तिथला भुईकोट किल्ला आजही बघायला मिळतो. तिथल्या जुन्या तलावाचं नाव तर फार बोलकं आहे : जगत्तुंग समुद्र. ज्या मुलखात समुद्र नाही, तिथल्या माणसांनी साठवलेल्या पाण्यालाच समुद्र म्हटलं.

मुघल काळात नांदेडचं वजन वाढलं. शहाजहानच्या वेळी दख्खनचे चार सुभे होते. त्यातल्या तेलंगण सुभ्याचं मुख्य ठाणं नांदेड होतं आणि त्याचा किल्ला म्हणजे कंधार. आज तेलंगणाच्या सीमेवरचा जिल्हा म्हणून ओळखलं जाणारं नांदेड एकेकाळी त्याच नावाच्या सुभ्याची राजधानी होतं.

1708 मध्ये मुघल बादशहा बहादूरशहा दख्खनेत उतरला. त्याच्यासोबत शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. गोदावरीकाठी त्यांची भेट माधोदास नावाच्या बैराग्याशी झाली. हाच माधोदास पुढे बंदासिंग बहादूर झाला आणि पंजाबात मुघलांविरुद्ध लढला. नांदेडमध्येच गुरूंवर हल्ला झाला आणि 7 ऑक्टोबर 1708 रोजी त्यांनी देह ठेवला. त्याआधी त्यांनी, यापुढे देहधारी गुरू नसेल, गुरू ग्रंथ साहिब हाच गुरू, असं सांगितलं.

शीख परंपरेतला एवढा मोठा निर्णय गोदाकाठी झाला. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब, इथे आहे. गुरुद्वाराची सध्याची वास्तू महाराजा रणजितसिंग यांनी 1832 ते 1837 या काळात बांधून घेतली. या शहरात पिढ्यान् पिढ्या राहणारे शीख घरात पंजाबी आणि बाजारात अस्सल मराठी बोलतात. 2008 मध्ये गुरुता गद्दीला 300 वर्षं झाली. त्या निमित्ताने रस्ते, पूल, घाट आणि विमानतळाची कामं झाली आणि शहराचा चेहरा बदलला.

लातूर : राष्ट्रकूटांचं मूळगाव ते गंजगोलाई

लातूरचं जुनं नाव लट्टलूर. दख्खनवर दोन शतकांहून अधिक काळ राज्य करणारे राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. त्यांची राजधानी पुढे मान्यखेटला, आजच्या कर्नाटकातल्या मळखेडला गेली. पण बिरुदात मूळगाव लातूरचंच राहिलं.

परिसरात औशाचा आणि उदगीरचा किल्ला आहे. उदगीरजवळ फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंच्या मराठा फौजेने निजामाला हरवलं. त्यानंतर वर्षभराच्या आत तीच फौज पानिपतावर होती.

आधुनिक लातूर घडलं ते बाजारपेठेमुळे. शहराच्या मध्यभागी गंजगोलाई आहे. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्या गोलातून फुटणारे 16 रस्ते. सराफा, भुसार, कापड, भांडी असे एकेका रस्त्यावर एकेक व्यवसाय वसले. तुरीची डाळ आणि सोयाबीन यांच्या भावासाठी आजही राज्यभरातले व्यापारी लातूरच्या बाजाराकडे बघतात.

प्रशासनाच्या नकाशावर लातूर उशिरा आलं. 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबाद जिल्ह्याचं विभाजन होऊन लातूर जिल्हा झाला. त्यानंतर 'लातूर पॅटर्न'ने दहावी-बारावीच्या निकालांत नाव कमावलं आणि मराठवाड्यातली मुलं शिकायला इथे येऊ लागली.

निजामाचं राज्य आणि दोन रेल्वे

1724 पासून मराठवाडा हळूहळू हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली गेला. दफ्तरात आधी फारसी आणि नंतर उर्दू आली. त्यामुळे मराठी शाळा आणि कॉलेजं इथे उशिरा आली. जमिनीच्या कागदांपासून रोजच्या बोलण्यापर्यंत उर्दूच्या खुणा आजही सापडतात.

निजामाच्या काळातच रेल्वे आली. 1900 च्या सुमारास मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून सिकंदराबादकडे जाणारा मार्ग सुरू झाला. नांदेड त्यावरचं मोठं स्टेशन झालं. कापसाचा व्यापार वाढला, उस्मानशाही मिल उभी राहिली आणि तिच्या भोंग्यावर शहराचं घड्याळ चालू लागलं.

लातूरला आली ती बार्शी लाइट रेल्वे. ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. कुर्डुवाडी ते बार्शी हा टप्पा 1897 मध्ये सुरू झाला, 1911 मध्ये तो लातूरपर्यंत आला आणि 1927 मध्ये दुसऱ्या टोकाने मिरजेला पोचला. पुढे टप्प्याटप्प्याने या मार्गाचं ब्रॉडगेज झालं. 2016 मध्ये 'जलदूत' धावली ती याच मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर मार्गाने. ज्या रुळांवरून लातूरचं धान्य बाहेर गेलं, त्याच मार्गाने पाणी आत आलं.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण नांदेड-लातूर झालं नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तिसंग्राम सुरू होता. 30 जानेवारी 1948 रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरी इथली निजामाची बँक आंदोलकांनी लुटली आणि तो पैसा लढ्यासाठी वापरला. सप्टेंबरमध्ये भारतीय फौजांनी कारवाई केली आणि 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला. तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचं नाव आहे आणि त्याची स्थापनाही 17 सप्टेंबरलाच झाली, 1994 मध्ये.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं

गणेश विसर्जनाची रात्र आटोपून गावं नुकतीच झोपली होती. लातूर शहराच्या दक्षिणेला सुमारे 40 किलोमीटरवर, औसा तालुक्यातल्या किल्लारीजवळ जमीन हादरली. तीव्रता होती 6 हून थोडी जास्त. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसं गेली. अनेक नोंदींत हा आकडा दहा हजारांच्या घरात सांगितला जातो.

एवढ्या तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी शंभरहून जास्त होतात. इथे एवढी माणसं का गेली? पहिलं कारण वेळ. सगळे घरात झोपेत होते. दुसरं कारण घरं. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर दिलेलं जड माळवद अशी इथली पद्धत. मातीत रचलेले गोल दगड हादऱ्याने सुटले आणि माळवद अंगावर आलं. जे घर उन्हापासून वाचवत होतं, तेच त्या रात्री जीवावर उठलं.

तिसरं कारण, कुणालाच अपेक्षा नव्हती. दख्खनचं पठार स्थिर मानलं जायचं आणि हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. किल्लारीनंतर देशाचा तो नकाशाच बदलावा लागला. गावं नव्या जागी, रुंद रस्ते आखून पुन्हा वसवली गेली. मार्च आणि जुलै 2024 मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले 4.5 तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले, तेव्हा लोक घराबाहेर धावले ते किल्लारी आठवून.

रेल्वेने पाणी आणण्याची वेळ का आली?

लातूर शहराचं पाणी येतं मांजरा धरणातून. हे धरण बीड जिल्ह्यात धनेगावला आहे. 2012 नंतर पावसाने वारंवार दगा दिला आणि 2014, 2015 ही दोन्ही वर्षं ओळीने कोरडी गेली. धरण आटलं. शहराकडे दुसरा भरवशाचा स्रोत नव्हता आणि बोअरही खाली खाली चालले होते. मार्च 2016 मध्ये टँकर भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणं टाळण्यासाठी प्रशासनाला जमावबंदीचं कलम 144 लावावं लागलं. पाण्यावरून जमावबंदी, ही बातमी देशभर गेली.

मग 'जलदूत' आली. सुरुवातीला दहा वॅगन, पुढे 50 वॅगन आणि एका खेपेत सुमारे 25 लाख लिटर पाणी. पावसाळा सुरू झाल्यानंतरही काही काळ ती धावत होती. सप्टेंबरअखेर जोरदार पाऊस झाला, मांजरा भरलं आणि संकट टळलं.

पण एका धरणावर विसंबलेलं शहर आणि आटत चाललेलं भूजल, हे गणित तसंच राहिलं. पाणी कमी असलेल्या या भागात उसाखालचं क्षेत्र किती असावं, हा वाद दर दुष्काळात निघतो. ऊस बारा ते अठरा महिने पाणी मागतो, पण हमखास पैसा देणारं दुसरं पीक नाही, असं शेतकरी सांगतात. उजनीचं पाणी लातूरला आणावं, मराठवाड्याचं वॉटर ग्रिड करावं, हे विषय तेव्हापासून चर्चेत आहेत.

नांदेडला पाण्याची चिंता नाही का?

आहे, फक्त तिचं रूप वेगळं आहे. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी नांदेडला पोचेपर्यंत तिच्यावर बरीच धरणं येतात. सर्वात मोठं पैठणचं जायकवाडी. 1965 मध्ये पायाभरणी, 1976 मध्ये लोकार्पण आणि साठवण सुमारे 102 टीएमसी. जायकवाडी भरायचं तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सुटावं लागतं. पावसाळा संपताना जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडण्याचं सूत्र ठरलं आहे. त्यावरून दर टंचाईत नाशिक-नगर आणि मराठवाडा समोरासमोर येतात.

नांदेडला आधार आहे विष्णुपुरी प्रकल्पाचा. शहराच्या वरच्या अंगाला गोदावरी अडवून तिथून शेतीसाठी पाणी उपसलं जातं आणि शहरालाही तेच पाणी मिळतं. पूर्णा नदी नांदेडच्या आधी गोदावरीला मिळते, त्यामुळे जायकवाडीतून थेंब सुटला नाही तरी विष्णुपुरी भरू शकतं. पण पूर्णेला पूर, वरून जायकवाडीचा विसर्ग आणि नांदेडला पाऊस, हे एकाच वेळी आलं तर विष्णुपुरीला पाणी धरून ठेवता येत नाही. ते सोडावंच लागतं आणि सखल वस्त्यांत शिरतं. ऑगस्ट 2025 मध्ये जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावं पाण्यात गेली, माणसं दगावली आणि बचावासाठी लष्कर बोलवावं लागलं.

खालच्या अंगाला आणखी एक गुंता आहे. धर्माबाद तालुक्यातला बाभळी बंधारा. त्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेले. 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाने बंधारा वापरायला परवानगी मिळाली, पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवण्याच्या अटीवर. म्हणजे नदीला पाणी असतं तेव्हा अडवायचं नाही आणि अडवायची मुभा मिळते तेव्हा नदीत फारसं पाणी उरलेलं नसतं. या अटीमुळे बंधाऱ्याचा पुरेसा उपयोग होत नाही, अशी तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार आहे.

शेवटी दोन्ही पाणी एकच

लातूरजवळून गेलेली मांजरा कर्नाटकात शिरते, तेलंगणात जाते, मग उत्तरेकडे वळते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरून येत कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. लातूरच्या पठारावरून निसटलेला थेंब आणि नांदेडच्या घाटावरून गेलेला थेंब तिथे एक होतात आणि पुढे बंगालच्या उपसागरापर्यंत सोबत जातात. कमी दाबाचे जे पट्टे या भागात पाऊस आणतात, ते तयार होतात त्याच समुद्रात.

नांदेडला तहान लागत नाही आणि लातूरला पूर येत नाही, असं मानणं म्हणूनच चुकीचं आहे. लहरी पाऊस दोन्ही शहरांच्या वाट्याला येतो. फरक एवढाच की जास्तीचं पाणी आधी खोऱ्यातल्या शहराला त्रास देतं आणि कमी पाणी आधी पठारावरच्या शहराला. कंधारच्या लोकांनी हजार-अकराशे वर्षांपूर्वी तलाव बांधला आणि त्याला समुद्र म्हटलं. पडलेलं पाणी इथेच कसं थांबवायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि आजही नांदेड-लातूरपुढे तोच आहे.